अर्धशिशी: डोकं उठल्यावरची गोळी की रोजची गोळी?

मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडात भर दुपारी कुठल्याही मेडिकलपाशी थोडा वेळ उभं राहा. ‘डोक्याची गोळी द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. कोणती गोळी, हे बहुतेक वेळा दुकानदारच ठरवतो. दोन गोळ्या कापून हातात पडतात, काम भागतं आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस पुन्हा काउंटरवर दिसतो.

हा आढावा त्या माणसासाठी आहे. आपल्याला अर्धशिशी आहे हे त्याला कळलंय. डोकं उठेल तेव्हा गोळी घेत राहावं, डॉक्टर सांगतात ती रोजची गोळी सुरू करावी, की आधी पथ्यपाणी करून बघावं, इथं तो अडलाय. माझं मत आधीच सांगतो. निवड करताना डोकं किती जोरात दुखतं याकडं कमी बघा. महिन्यातले किती दिवस दुखतं आणि त्यातले किती दिवस गोळी पोटात जाते, ते मोजा.

त्याआधी एक गाठ सोडवू. आपल्याकडं उलटी झाली आणि डोकं उतरलं की ‘पित्त होतं’ असा निकाल लागतो, आणि मग वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या चालतात. पण मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे. डोक्याची एक बाजू ठणकते (कधी दोन्ही), उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढला तरी वाढतं, आणि औषध न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालतं. असं वारंवार होत असेल तर ते पित्त नाही, बहुधा सायनसही नाही. लक्षणं अशी ठळक असतील आणि तपासणीत काही वावगं नसेल तर एमआरआयचीही सहसा गरज नसते. ते पैसे वाचवा.

उठल्यावरची गोळी

हिचा मोठा गुण म्हणजे दुखेल त्याच दिवशी औषध. महिन्यात दोन-तीनदाच डोकं उठत असेल तर याहून जास्त कशाची गरज नाही.

पण घेण्याची वेळ आपल्याकडं हमखास चुकते. आधी चहा, मग बाम, मग डोक्याला फडकं बांधून आडवं होणं, आणि संध्याकाळी अगदीच सहन होईना की गोळी. तोवर झटका पुरता चढलेला असतो. शिवाय झटक्यात पोटाचं काम मंदावतं, त्यामुळं गोळी तशीच पडून राहते किंवा उलटीत जाते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, यातली जी तुम्हाला चालते ती दुखणं सुरू होताच आणि पुऱ्या मात्रेत घ्यायची असते. मळमळ जास्त असेल तर डॉक्टर सोबत डॉम्पेरिडोनसारखी गोळी देतात, आणि तेवढ्यानं पुष्कळांची ‘गोळी लागू पडत नाही’ ही तक्रार मिटते. एक सावधगिरी आपल्या भागासाठी खास: उन्हातान्हात कापूस वेचून किंवा तूर काढून, पुरेसं पाणी न पिता घरी आल्या-आल्या आयबुप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन घेऊ नका. शरीर कोरडं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला झोंबतात. आधी पाणी, चार घास, मग गोळी. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी त्या टाळाव्यात, आणि दमा असेल तर विचारूनच घ्याव्यात.

साध्या वेदनाशामकानं भागत नसेल तर पुढची पायरी ट्रिप्टान: सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान. या गोळ्या अर्धशिशीसाठीच बनल्या आहेत. पॅरासिटामॉलपेक्षा चांगल्याच महाग, पण दिवस वाया जाण्यापेक्षा स्वस्त. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमक येते त्या वेळी नाही, प्रत्यक्ष दुखायला लागलं की घ्यायच्या. उतरून पुन्हा उठलं तर किमान दोन तासांनी दुसरी घेता येते. पहिलीनं काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यात दुसरी घेण्यात अर्थ नसतो. हृदयविकार, पूर्वी झालेला लकवा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान नकोच.

दुकानदाराची आवडती गोळी मात्र बहुधा तिसरीच असते: एर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध एकत्र असलेली. गुण येतो, खोटं नाही. तरी तिघींत मी तिला शेवटचा नंबर देईन. एर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं. गर्भारपणात ते चालत नाही, ट्रिप्टान घेतल्या दिवशी चालत नाही, आणि घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असेल तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. काउंटरवर हे प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेत का?

आता या वाटेचा खरा खड्डा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान, एर्गोटामाइन आणि मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. सकाळी उठल्यापासून डोकं जड, पर्समध्ये एक पाकीट, उशाशी एक, आणि गोळीचा असर उतरला की पुन्हा ठणका. अशा वेळी आणखी तेज गोळी शोधणं म्हणजे आगीत तेल. ती बंदच करावी लागते, आणि पहिले काही दिवस त्रास वाढतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत.

रोजची गोळी

हिचं काम वेगळं. ही वेदनाशामक नाही, झटके कमी करणारी आहे. महिन्यात ४ किंवा जास्त दिवस डोकं उठत असेल, किंवा झटके कमी असूनही प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस अंथरूण धरावं लागत असेल, तर हिचा विचार करायचा.

लोक ती सोडतात ती अपेक्षेपायी. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून बंद, हे घरोघरी चालतं. योग्य मात्रेवर दोन-तीन महिने गेल्याशिवाय निकाल लावता येत नाही, आणि झटके निम्म्यावर आले तरी वैद्यकशास्त्र त्याला यश म्हणतं. आठाचे चार. ज्याला शून्य हवंय तो निराश होणार. पण ज्याच्या चार मजुऱ्या वाचल्या त्याला विचारा. जन्मभर घ्यावी लागते हीही अफवाच. साधारण सहा महिने ते वर्षभर घेऊन हळूहळू कमी करून बघतात.

कोणती, हे डॉक्टर ठरवतील, पण तुमचं काम काय ते त्यांना सांगा, कारण निवड त्यावर फिरते. प्रोप्रानोलोल जुनी आणि स्वस्त. रक्तदाब किंवा धडधड असेल तर दोन्ही कामं होतात. दमा असेल तर अजिबात नाही, आणि ती एकदम बंद करायची नसते. अमिट्रिप्टिलिन रात्री, अगदी कमी मात्रेत. झोप लागत नाही अशांना बरी. सकाळी सुस्ती, तोंडाला कोरड, वजनात वाढ. ती मुळात नैराश्यावरची गोळी, म्हणून घरात कुणी गुगल केलं की ‘वेड्याची गोळी दिली’ असा गोंधळ होतो. फ्लुनारिझिन आपल्याकडं बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसते. तिनंही झोप आणि वजन वाढतं, काहींना उदास वाटतं, वयस्कर माणसांत हातापायांना कंप येऊ शकतो, म्हणून ती वर्षानुवर्षं रेटायची गोळी नव्हे.

टोपिरामेटबद्दल मी मराठवाड्यापुरता जरा कडक आहे. वजन कमी होतं म्हणून ती आवडते. पण तिनं बोटांना मुंग्या येतात, शब्द ऐन वेळी आठवत नाहीत, मुतखड्याचा धोका वाढतो आणि काहींचा घाम कमी होतो. ४२-४३ अंशांत शेतात राबणाऱ्याला, किंवा जिथं पाणी टँकरवर मोजून मिळतं त्या घरातल्या बाईला, घाम न येणं आणि खडा होणं हे दोन्ही परवडणारं नाही. लातूरला नीटच्या तयारीला बसलेल्या पोराला शब्द न आठवणंही नाही. गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट टाळतात, आणि व्हॅल्प्रोएट ही आणखी एक रोजची गोळी तर मूल होण्याच्या वयातल्या बाईला अर्धशिशीसाठी देऊच नये.

बोटॉक्स आणि महिन्याला टोचायची नवी इंजेक्शनं आहेत. त्यातलं बोटॉक्स महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी. दोन्ही महाग. गोळ्या नीट वापरून झाल्याशिवाय तिकडं वळू नये.

कारण शोधणं

ही तिसरी वाट पहिल्या दोहोंऐवजी नाही, सोबत चालायची आहे. कॅलेंडरवर खूण करा: डोकं उठलं तो दिवस, गोळी घेतली तो दिवस, पाळी, झोप, जेवणाची वेळ. दोन-तीन महिने एवढंच.

लोक दोष देतात वांग्याला, तुरीच्या वरणाला, ठेच्याला. पण झटक्याच्या आदल्या दिवशीच जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं सुरू झालेलं असू शकतं. म्हणजे गूळ खाल्ला म्हणून डोकं उठलं असं नाही. झटका वाटेवर होता म्हणून गूळ खावासा वाटला. सहा पदार्थ बंद करून बायका अशक्त होतात आणि डोकं तिथंच. एकच पदार्थ आणि पुन:पुन्हा, तरच संशय घ्या.

आपल्याकडचे खरे आरोपी वेगळे: उपाशी पोट, कमी पाणी, ऊन आणि मोडलेली झोप. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या किती जणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं बांधून बसतात! रोज चार-पाच कप चहाची सवय असताना तो अचानक तुटला तर तेवढ्यानंही डोकं उठतं. रमजानच्या पहिल्या रोज्यांना हे दोन्ही एकदम होतं. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. पण आठवडाभर आधी चहा एकेक कपानं कमी करणं, सहरीला किंवा पहाटे भरपूर पाणी, आणि उपवासात फराळ वेळेवर, एवढं तरी जमतं. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला मात्र ‘वेळेवर झोपा’ सांगणं थट्टाच आहे. रात्री-अपरात्री उठून गाडी भरायची तिथं कारण कळून टळत नाही, म्हणून तिला रोजच्या गोळीचा फायदा जास्त.

पाळीच्याच दिवसांत उठणारं दुखणं कॅलेंडरवर लगेच दिसतं. त्याला त्या चार-पाच दिवसांपुरतं औषध देता येतं. डोळ्यांपुढं चमक येणाऱ्या बाईनं इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, लकव्याचा धोका वाढतो.

घरचं आणि आयुर्वेदाचं

अंधारी खोली, मानेवर-कपाळावर ओलं थंड फडकं, झोप: निर्धोक, आणि खरंच आराम देणारं. सुंठीचा लेप कातडी भाजेपर्यंत ठेवू नका. सुंठ पोटात घेण्याचा थोडा फायदा लहान चाचण्यांत दिसला आहे. आयुर्वेदात अर्धावभेदक हा स्वतंत्र शिरोरोग सांगितलाय. नस्य (नाकात औषध सोडणं) करून घ्यायचं असेल तर नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जा. बाजारात बसणाऱ्या वैदूची बिनलेबलची पुडी नको. त्यात स्टेरॉइड आहे की शिसं, कुणाला ठाऊक?

हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचे प्रसंग: क्षणात आलेलं, आयुष्यात कधी नव्हतं एवढं दुखणं, ताप आणि ताठ मान, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा गर्भारपणातलं नवं दुखणंही घरी काढू नका.

बाकीच्यांना पुण्या-मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टची गरज सुरुवातीला नसते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, नांदेडच्या विष्णुपुरीला, लातूरला किंवा अंबाजोगाईला सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत ही औषधं सुरू करता येतात. जाताना कॅलेंडर आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, रक्तदाब मोजून घ्या, आणि रोजची गोळी लिहून दिली तर पुन्हा कधी दाखवायचं आणि ती कधी थांबवायची, हे पहिल्याच भेटीत विचारा.