मिठीत म्हटलं की मिठात लिहितो: कॉलर माइक आणि व्हॉइस टायपिंग, सहा महिने वापरून

अंगठा गेला म्हणून घेतला हा माइक, हौस म्हणून नाही. मी ॲपवर प्रेमकथांच्या मालिका लिहिते, आठवड्याला तीन भाग, एक भाग हजार-बाराशे शब्दांचा, आणि गेली चार वर्षं हे सगळं फोनवर दोन अंगठ्यांनी टाइप केलंय, रात्री साडेदहानंतर, ओटा पुसून झाला की. दिवाळीनंतर उजवा अंगठा मनगटापर्यंत इतका ठणकायला लागला की पोळ्या लाटवेनात. डॉक्टर म्हणाले सूज आहे, फोन कमी करा. आता फोन कमी करा म्हणजे लिहू नका असंच झालं ना? आणि इकडे भाग दोन दिवस लेट झाला की कमेंटमध्ये "ताई पुढचा भाग कधी", "ताई तब्येत बरी आहे ना, पण भाग कधी". शेवटी मुलगीच म्हणाली, आई बोलून लिही ना, मी प्रोजेक्ट तसाच केला.

तर वस्तू काय आहे ते आधी सांगते. साधा वायरवाला कॉलर माइक, ६४९ रुपये, ऑनलाइन. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, या किमतीतले सगळे एकाच साच्यातले वाटतात. माझ्या फोनला गोल पिनचं भोकच नाही हे माइक हातात आल्यावर लक्षात आलं, मग १५० चा कन्व्हर्टर, तो फक्त गाणी ऐकायच्या कामाचा निघाला, माइकचा आवाज आतच जाईना, मग दुसरा २२० चा. म्हणजे ६४९ चा माइक हजाराच्या वर पडला. घेणाऱ्यांनी आधी फोनचं भोक बघा.

माइक स्वतः चांगला आहे, खोटं कशाला बोलू. नुसत्या फोनसमोर बोलायचं तर फोन तोंडाशी धरून बसावं लागतं, यात पदराला चिमटा लावला की हात मोकळे, मी भाजी निवडता निवडता आख्खा एक प्रसंग सांगितलाय. कुजबुजलेलं पण पकडतो. फक्त पंखा चालत नाही. पंखा दोनच्या वर गेला की आवाजात घरघर येते आणि पलीकडे फोन काहीही लिहायला लागतो. मे महिन्यात, डोंबिवलीत, पंखा बंद करून प्रेमकथा सांगायची. हिरो पावसात भिजतोय आणि मी घामात.

आता खरी गंमत व्हॉइस टायपिंगची, म्हणजे कीबोर्डवर ते माइकचं चित्र असतं ना, ते दाबायचं आणि भाषा मराठी करून बोलायचं. फुकट आहे त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार. पहिल्याच रात्री मी म्हटलं, "त्याने तिला मिठीत घेतलं." आलं काय, "त्याने तिला मिठात घेतल." कैरी आहे का ती? माझा हिरो अनय, तर दर तिसऱ्या ओळीला अन्याय. "अन्याय तिच्याकडे बघत राहिला." विरहचं विहीर तर इतक्या वेळा झालं की पाच-सहा भागांत विहिरीच विहिरी, दुष्काळी तालुका सुजलाम होईल. एक म्हटलं की आकडा टाकतो, "तिने 1 कटाक्ष टाकला", जसं काही पुढे दोन-तीन टाकायचेत. आणि सगळ्यात जीव खाणारी गोष्ट म्हणजे अनुस्वार. केलं, गेलं, तिचं, माझं, हे सगळं केल, गेल, तिच, माझ होऊन येतं. घाईत तसाच भाग टाकला तर वाचक लगेच शुद्धलेखन काढतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पूर्णविराम म्हटलं तर चक्क "पूर्णविराम" असा शब्द लिहून देतो. अवतरणचिन्हं विसराच. आणि दोन-तीन सेकंद गप्प राहिलं की बंद पडतो. प्रेमकथेत गप्प राहण्यातच तर सगळं असतं हो! मी डोळे मिटून विचार करतेय की ती आता वळून बघेल का, डोळे उघडते तर हा कधीचाच झोपलेला, नंतर बोललेल्या सात ओळी हवेत. यावर उपाय सापडला तो असा की आधी साध्या रेकॉर्डरवर सगळं बोलून घ्यायचं आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकत ऐकत तुकड्या तुकड्याने टायपिंगला सांगायचं. डबल काम वाटतं, पण रेकॉर्डिंग असलं की विहिरीच्या जागी मुळात काय होतं ते तरी कळतं.

हिशोब सांगते. अंगठ्याने एक भाग म्हणजे सव्वादोन तास. आता बोलायला अर्धा तास आणि दुरुस्तीला तासभर. पाऊण तास वाचला आणि अंगठा पण. बार्बरा कार्टलंड म्हणून इंग्लंडची लेखिका होती, ७०० च्या वर पुस्तकं, बहुतेक सगळ्या प्रेमकथा, ती दुपारी सोफ्यावर आडवी होऊन सांगायची आणि सेक्रेटरी उतरवून घ्यायची. हे वाचलं तेव्हा मला पण वाटलं होतं आपणही लोळून लिहू. पण तिच्या सेक्रेटरीने मिठीचं मीठ केलं नसणार, आणि तिच्या सोफ्यामागे कुकरच्या शिट्ट्या होत नसणार.

आणि मुख्य अडचण वेगळीच आहे जी कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेली नव्हती. हे सगळं मोठ्याने बोलायचं असतं. वन बीएचकेमध्ये. सासूबाई तीन फुटांवर माळ ओढतायत आणि मी "तुझ्याशिवाय मी अपूर्ण आहे" म्हणू? आधी गच्चीत जायचे. तिसऱ्या दिवशी वॉचमनने नवऱ्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना साहेब, मॅडम रात्री फोनवर रडत होत्या. रडत नव्हते, नायिका रडत होती. मग बाथरूम, तिथे आवाज घुमतो. शेवटी हरले आणि स्वयंपाकघरात दार लोटून बसायला लागले.

आणि एक दिवस मी अनयचा डायलॉग सांगतेय, "तुझ्या डोळ्यांच्या अथांग डोहात मला हरवून जायचंय," तर पलीकडून आवाज आला, "कोल्हापूरचा ना गं तो?"

मी म्हटलं, "हो आई. का?"

"मग असं कसं बोलेल? तो म्हणेल, बघू नकोस तशी, चहा सांडतोय माझा."

मी दोन मिनिटं गप्प. टायपिंग अर्थातच बंद पडलं. मग तेच वाक्य घेतलं, आणि त्या भागाला आजवरच्या सगळ्यात जास्त कमेंट आल्या, सगळ्या त्या चहावर. अथांग डोह मी चार वर्षं अंगठ्याने लिहीत होते आणि कधी खटकला नव्हता, कारण अंगठ्याला लाज नसते. तोंडाला असते. जे वाक्य घरात मोठ्याने म्हणताना जीभ अडखळते ते माझा हिरो पण म्हणणार नाही, हे मला या हजाराच्या माइकने शिकवलं. म्हणजे टायपिंगसाठी घेतला आणि उपयोग झाला संवादांना. वर्णनाला मात्र शून्य उपयोग, पावसाचं वर्णन बोलून केलं की आकाशवाणीचं हवामान वाटतं. ते मी अजून अंगठ्यानेच करते, डाव्या.

नवीन लिहिणाऱ्या मुली मेसेज करतात, ताई सुचतं कसं, प्रेरणा कुठून मिळते. अगं प्रेरणा कसली, लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून दिवा ते घाटकोपर कान उघडे ठेव. आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडला जा. नटूनथटून आलेली पोरं-पोरी, कोण कुणासाठी आलंय ते कुणीच बोलत नाही, फक्त बघतात आणि मोबाइल खाली-वर करतात. मागच्या वर्षी एक मुलगा गजरा घेऊन गणपती मंदिरापाशी उभा होता, हातात नाही, खिशात, खिसा ओला झालेला दिसत होता. माझा २३ वा भाग तो ओला खिसा आहे. मी घरी येईपर्यंत तेवढंच माइकमध्ये बोलून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, तेव्हा माइक नव्हता, भाजीच्या पिशवीवर लिहिलं होतं पेनने.

तंत्र शिकायचं असेल तर मात्र रीलवरच्या "पाच टिप्स" बघण्यापेक्षा लायब्ररीतून ना. सी. फडक्यांचं प्रतिभासाधन काढा. १९३१ चं पुस्तक आहे, भाषा जुनी, काही मतं ऐकून हसू येईल, पण गोष्ट रचायची कशी आणि वाचकाची उत्कंठा कशी टिकवायची याचा इतका रोखठोक विचार करणारा प्रेमकथावाला दुसरा दाखवा. मालिका लिहिणाऱ्याला प्रत्येक भागाच्या शेवटी तेच तर लागतं. मी दर शनिवारी थोडं वाचते आणि दर शनिवारी वाटतं आपण उगाच लिहितो. मग रविवारी भाग टाकते. आणि हो, बोलताना चुका दुरुस्त करायला थांबू नका, अन्याय तर अन्याय, पुढे जा, नंतर एका झटक्यात सगळे अन्याय बदलता येतात. नवीन मालिकेला नाव ठरवताना तर मी आता आधी फोनला ऐकवते, पुढच्या हिरोचं नाव समीर, पहिल्या झटक्यात बरोबर आलं म्हणून.

घ्यावा का? अंगठा, मनगट दुखत असेल, संवाद लिहिता येत नसतील तर घ्या. घरात एकांत नसेल आणि लाज वाटत असेल तर विचार करून घ्या. ज्यांचं लिखाण सगळं वर्णनाचं आहे त्यांनी पैसे वाचवा. माइकला चार स्टार, मराठी व्हॉइस टायपिंगला अडीच, त्यातला अर्धा विहिरींसाठी कापला. माइकवरची फोमची टोपी दुसऱ्याच महिन्यात हरवली, वेगळी मिळते, ६० रुपयांना दोन, एक सासूबाईंनी त्यांच्या डब्यात जपून ठेवलीय, ही हरवली की मला मागायची म्हणाल्या.