शालू नव्हे, 18,500 रुपयांचं प्लॅस्टिक

लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसले तर आणखी कुणाचे तरी जातील.

काशीत पहाटेच विश्वनाथाचं दर्शन झालं. अहिल्याबाईंनी उभारलेलं देऊळ, ऊर भरून आलेला. गर्दीतून कसेबसे गोदौलिया चौकात आलो तर ई-रिक्षावाला मागे लागला. सारनाथ धरून दिवसभर फिरवणार, दोघांचे मिळून 200 रुपये. नुसतं सारनाथच दहा किलोमीटर! हे म्हणाले, "स्वस्त आहे, बस." एवढ्या स्वस्तात फिरवतो तो बाकीचे पैसे कुठून काढतो, हे विचारायचं सुचलं नाही.

वाटेत त्याने एका दुकानाशी रिक्षा थांबवली. "बुनकर (विणकर) का घर है माताजी, सिर्फ देखिए." दाराशी माग, आत गाद्या, चहा. मालकाने वहीत रिक्षाचा नंबर टिपला (कमिशनसाठी, दुसरं काय), तोही मी पाहिला.

मग त्याने रेशमाची परीक्षा दाखवली. धागा पेटवला, केस जळल्यासारखा वास, बोटांत चुरली तर राख. मला रेशीम कळतं हो, आईचे शालू मी नेसलेय. पण तो धागा त्याने काढला गल्ल्याच्या ड्रॉवरमधून! शालू माझ्या मांडीवर होता. "यातला काढा" एवढंच म्हणायचं होतं. ड्रॉवर उघडल्याचा आवाज अजून कानात आहे.

साखरपुड्याचा शालू 18,500, जावेची साडी 4,200. एकूण 22,700. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा तिसऱ्याचंच होतं. पावतीवर नुसतं 'एस्टिमेट', जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल आणि सिल्क मार्क (अस्सल रेशमाचं लेबल) नसेल तर चहा पिऊन उठा.

पुण्यात फॉल-पिकोवालीने पदराचा धागा पेटवला. वितळून काळा कडक मणी झाला.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. इथली चौकी म्हणते, बनारसला जा. बनारसची चौकी (फोन तिसऱ्या दिवशी उचलला) म्हणते, इथे येऊन लिहून द्या. म्हणजे आणखी दहा हजार घालायचे? गुन्हा कुठेही घडो, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, हे हवालदाराला ऐकवलं तर म्हणे, "बाई, ही फसवणूक नाही, खरेदी आहे." आणि वर हसला! शेवटी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार टाकलीय. तुम्हीही टाका, दुकानाच्या पाटीचा फोटो मात्र आधीच काढून ठेवा. माझ्याकडे घाटांचे चाळीस आहेत, त्या दाराचा एकही नाही.

लेक रोज विचारते, शालू फॉल-पिकोहून आला का.