लकव्याच्या तेलात गेलेले सात आठवडे

गेल्या पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. रत्नागिरीहून घरी सोडताना फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, परातीत सुपाऱ्या घ्या, उजव्या हाताने एकेक उचलून दुसऱ्या परातीत टाकायला लावा, रोज दोन-तीनशे वेळा. गुहागरला आलो आणि चौथ्याच दिवशी वाडीतले एक काका ‘लकव्याच्या वैद्यां’चा नंबर घेऊन आले.

तो माणूस दर गुरुवारी लॉजवर बसायचा. २१ दिवसांत हात उचलेल, नाहीतर पैसे परत. तेल, पुड्या आणि झिणझिण्या आणणारं यंत्र, सगळे मिळून ३८,००० रुपये. व्यायाम बंद करा, नसा थकतात, म्हणाला. बीपीच्या गोळ्याही बंद, त्या तेल मुरू देत नाहीत म्हणे. ज्याच्या तोंडून हे ऐकाल त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठा. आम्ही उठलो नाही.

नवव्या दिवशी बाबांचा अंगठा हलला. आई रडली. मी आणखी १२,००० मोजले.

मेख इथेच आहे. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपसूकच बराचसा सावरतो. अंगठा तेलाशिवायही हलला असता. श्रेय मात्र त्याने लाटलं. हाताला काम द्यायचे दिवसही नेमके हेच. एकच कृती रुग्णाने स्वतः पुन्हापुन्हा केली की मेंदूचा शाबूत भाग ती नव्याने शिकतो. आम्ही सुपाऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या.

मालिश करताना तो लुळा हात ओढून वर न्यायचा. अशा हाताचा सांधा ढिला असतो, ओढला की खांदा दुखावतो. बाबा कळवळायचे, तर म्हणे नस जागी होतेय. सातव्या आठवड्यात रात्री त्यांना गरगरलं. बीपी २१०/१२०. गोळ्या कधीपासून बंद आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी मान वर होईना.

पैसे मागायला गेलो तर खोली रिकामी, फोन बंद. पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं. लकवा बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्याचं हँडबिल जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असं हँडबिल आलं तर फाडू नका, जपून ठेवा.

बाबा आता रोज तीनशे सुपाऱ्या उचलतात. बोटं वळतात, पण खांदा दुखतो म्हणून हात छातीच्या वर जात नाही. सदऱ्याचं वरचं बटण आईच लावते.