शोधनिबंध खुला करायचा, पण कोणत्या वाटेने? प्रकाशन शुल्क, रिपॉझिटरी आणि विनाशुल्क नियतकालिके यांची तुलना

‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून शासकीय विद्यापीठांतील प्राध्यापकांना ओपन ॲक्सेसचा, म्हणजे शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता येण्याचा, प्रश्न मिटल्यासारखा वाटणे स्वाभाविक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी मंजूर केलेल्या ६,००० कोटी रुपयांतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांना वाचायला मिळू लागली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयासाठी ही सोय फार मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ही सोय वाचकासाठी आहे. आपण लिहिलेला निबंध तालुक्याला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना, योजनेबाहेरच्या खासगी महाविद्यालयातील शिक्षकांना किंवा नेपाळ-केनियातील संशोधकांना वाचता येईल की नाही, हे या वर्गणीवर ठरत नाही. आपण निबंध कोठे आणि कोणत्या अटींवर देतो, यावर ते ठरते. लेखकापुढे तीन वाटा आहेत आणि माझ्या मते त्यांतील सर्वांत उपयुक्त वाटेकडेच आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पहिली वाट शुल्काची. नियतकालिक निबंध स्वीकारते, लेखक किंवा त्याची संस्था प्रकाशन शुल्क भरते आणि निबंध पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुला होतो. वेग आणि निश्चिती हे तिचे खरे गुण आहेत. शिवाय निबंध क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली येत असल्याने इतरांना तो परवान्याच्या अटी पाळून पुन्हा वापरता येतो. अडचण रकमेची आहे. ‘नेचर’ने २०२० च्या अखेरीस खुल्या निबंधासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. बहुतेक नियतकालिके याहून पुष्कळ स्वस्त आहेत, तरीही शुल्क लाखाच्या घरात गेले की प्रकल्प अनुदान नसलेल्या प्राध्यापकाला ते पगारातून भरावे लागते, आणि तसे त्याने करू नये असे मला ठामपणे वाटते. राष्ट्रीय योजनेत निवडक दर्जेदार नियतकालिकांच्या शुल्कासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आहे; आपले नियतकालिक त्यात बसते का, हे निबंध पाठवण्यापूर्वीच ग्रंथपालांकडून जाणून घ्यावे. वर्गणी घेणारी, पण जादा शुल्क भरल्यास एखादा निबंध खुला करणारी हायब्रिड नियतकालिके शक्यतो टाळावीत, कारण तेथे एकाच नियतकालिकासाठी सरकारी तिजोरीतून वर्गणी आणि शुल्क असे दोनदा पैसे जाऊ शकतात.

दुसरी वाट रिपॉझिटरीची. निबंध नेहमीच्या वर्गणीच्या नियतकालिकात शुल्क न भरता छापायचा आणि समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त होऊन स्वीकृत झालेली, परंतु प्रकाशकाने जुळणी न केलेली प्रत संस्थेच्या किंवा विषयाच्या संग्रहात ठेवायची. भारतात ही वाट नवी नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच असा संग्रह सुरू केला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ च्या धोरणात आपल्या अनुदानातून झालेले निबंध असे जमा करण्यास सांगितले, प्रकाशन शुल्क देण्याचे मात्र नाकारले. उणीव एवढीच की अनेक प्रकाशक ही प्रत उघडी करण्यापूर्वी सहा ते चोवीस महिने थांबायला लावतात. साथीच्या रोगावरील निबंधाला हा विलंब घातक ठरतो. लोकसाहित्यावरील किंवा भूजलावरील निबंधाला सहसा ठरत नाही.

तरीही ही वाट ओस का पडते, याचे उत्तर ‘शोधगंगा’ या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाकडे पाहिले की मिळते. पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने बंधनकारक केले, प्रबंध जमा करण्याची सांगड पदवीशी घातली गेली आणि तो संग्रह चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे लाखो प्रबंध गोळा झाले. निबंध जमा करण्याची सांगड मात्र पदोन्नतीशीही नाही आणि पुढच्या अनुदानाशीही क्वचितच असते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याचा चारशे पानांचा प्रबंध जगाला खुला असतो आणि त्यातूनच निघालेला दहा पानांचा निबंध कुलूपबंद राहतो. विद्यापीठांनी अंतर्गत मूल्यमापनात केवळ जमा केलेलेच निबंध धरले, तर एका पैशाचा नवा खर्च न करता हे चित्र पालटू शकेल.

तिसरी वाट डायमंड नियतकालिकांची. येथे वाचकही पैसे देत नाही आणि लेखकही देत नाही. भार संस्था किंवा विद्वत्सभा उचलते. १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’ हे विज्ञानविषयक नियतकालिक त्याचे आपल्याजवळचे उदाहरण. लॅटिन अमेरिकेने ‘सायेलो’ या खुल्या नियतकालिकांच्या ऑनलाइन जाळ्याच्या रूपाने हीच पद्धत मुख्य प्रवाहात आणली. मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या सामाजिक शास्त्रांच्या आणि भाषाभ्यासाच्या निबंधांसाठी मी हीच वाट सुचवेन, कारण त्यांचा वाचक मोठ्या परदेशी प्रकाशकांच्या संग्रहात शोधायला जात नाही. मात्र संपादक बहुधा मानधनाविना काम करतात, अंक रखडतात आणि काही नियतकालिकांची नोंद पदोन्नतीसाठी धरल्या जाणाऱ्या सूचींत नसते.

‘खुले’ म्हणवणारी बनावट नियतकालिके ही वेगळीच डोकेदुखी आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात कक्ष असलेली, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि लेखकांवर आली आहे. नियतकालिक ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या खुल्या नियतकालिकांच्या पारखलेल्या सूचीत आहे का, संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या पदावर आहेत का आणि समीक्षण चार दिवसांत उरकण्याचे आश्वासन दिले जाते का, एवढे तपासले तरी बहुतेक फसवणूक टळते.

अनुदानात शुल्काची तरतूद असेल आणि विषय तातडीचा असेल, तर पहिली वाट घ्यावी; वाचक मुख्यतः मराठी असेल, तर तिसरी. उरलेल्या सर्वांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, दुसरी वाट निवडावी. संस्थेची रिपॉझिटरी नसेल, तर सर्न ही युरोपातील अणुसंशोधन संस्था चालवत असलेल्या ‘झेनोडो’ या खुल्या ऑनलाइन संग्रहात प्रत विनामूल्य ठेवता येते, फक्त प्रकाशकाची प्रतीक्षेची अट आधी वाचावी. स्वीकृतीचा ईमेल आला त्याच दिवशी ती अंतिम फाइल वेगळी जपून ठेवावी आणि ती कोण जमा करणार, हे सहलेखकांनी निबंध पाठवण्याआधीच ठरवावे, कारण वर्षभराने मुदत संपते तेव्हा प्रत्येकाकडे निबंधाचा वेगळाच मसुदा असतो.