रिमोट स्टेशनसाठी पॉवर सप्लाय घेताय? आधी हे वाचा

माझं हॅम स्टेशन, म्हणजे हौशी रेडिओचं स्टेशन, वस्तीपासून लांब आहे. तिथे कोणी राहत नाही, सगळं इंटरनेटवरून चालतं. अशा ठिकाणी ॲम्प्लिफायर चालू होण्यापेक्षा तो खरंच बंद झालाय हे कळणं जास्त महत्त्वाचं असतं. मला नेमकं तिथेच फसवलं गेलं.

रेडिओचा सिग्नल जोरदार करणाऱ्या माझ्या एलडीएमओएस (एका प्रकारचे ट्रान्झिस्टर) ॲम्प्लिफायरला ५० व्होल्ट लागतात. १ किलोवॅट आउटपुट आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली, तर सप्लायमधून सुमारे ३३ अँपिअर जातात. त्यात एफटी८ ही डिजिटल संदेशांची पद्धत, म्हणजे १५ सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ सलग ट्रान्समिट. म्हणून सलग ४० अँपिअर देणारा सप्लाय शोधत होतो. ऑनलाइन एक विक्रेता भेटला. बोलणं मुरलेल्या हॅमचं. ‘सॉफ्ट स्टार्ट आहे (सुरुवातीचा करंट हळूहळू वाढतो), ३० अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, आउटपुटचं व्होल्टेज थेट स्क्रीनवर दिसतं,’ म्हणाला. व्हिडिओ कॉलवर त्याने बटण दाबलं, ५०.० आलं, पुन्हा दाबलं, ०.० झालं. मी त्याच दिवशी सगळे पैसे पाठवले. आपल्याच छंदातल्या माणसावर शंका कशी घ्यायची, असं वाटलं.

दोन महिने सगळं सुरळीत वाटत होतं. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर असून कळली नाही: तो आकडा कधी हललाच नाही. डब्यातल्या केबल आणि जोडण्यांचा मिळून १० मिलिओहम रोध असला, तरी ३३ अँपिअरला ०.३ व्होल्ट पडायलाच हवेत. ट्रान्समिट करताना ५०.०, थांबल्यावरही ५०.०. मी ते रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवण्याची क्षमता, उत्तम असल्याचं लक्षण समजलो.

मग एका शनिवारी अँटेनाच्या कामासाठी स्टेशनवर गेलो. चार दिवसांपूर्वी मी सप्लाय बंद केला होता, स्क्रीनवर ०.० होतं. दार उघडलं तर सप्लायचा पंखा घोंगावत होता. टर्मिनलला मल्टीमीटर लावला: ५०.३. स्क्रीनवर अजूनही ०.०. चालूचं बटण दाबलं, ५०.० आलं. मग सप्लायचा प्लग भिंतीतून उपटला. स्क्रीन चालवणाऱ्या कंट्रोलरला वेगळा अडॅप्टर असल्याने स्क्रीन चालूच राहिली, आणि तिच्यावर तेच ५०.०!

घरी आणून डबा उघडला. व्होल्टेज मोजणारी वायर कंट्रोलरपर्यंत पोचलेलीच नव्हती. मध्येच कापून टोकावर श्रिंक ट्यूब चढवली होती. आकडा फक्त बटणाच्या हुकमावरून दाखवला जात होता. रिले १० अँपिअरचा, सॉफ्ट स्टार्टचा पत्ता नाही. एवढ्या मोठ्या कपॅसिटरांना सुरुवातीला जो करंटचा झटका लागतो, त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले होते. रिलेची कॉइल बंद झाली तरी सर्किट तुटत नव्हतं. आतल्या वायरींचं आवरण पिवळं पडून कडक झालं होतं. वरचं ४० अँपिअरचं लेबल नखाने उचकटलं, तर खाली जुनं लेबल: २४ अँपिअर.

चार दिवस हे सगळं रिकाम्या खोलीत चालू होतं. आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘तुमच्या वापराने झालं असेल,’ एवढंच उत्तर आलं, मग नंबर बंद. कापलेली वायर वापराने कशी कापली जाते, हे विचारायचं राहूनच गेलं.

कोणी असा तयार डबा विकत असेल, तर बिनलोडचा व्हिडिओ मानू नका. दीड ओहमचा, दोन किलोवॅट झेपणारा लोड (वीज खाणारा मोठा रोध) लावून दहा मिनिटं चालवायला सांगा. मल्टीमीटर, करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि स्क्रीन एकाच चौकटीत दिसू देत. लोड लागताच आकडा थोडा तरी खाली यायला हवा. आणि चालू असतानाच सप्लायचा प्लग काढायला लावा. विक्रेता या शेवटच्या गोष्टीला टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

माझ्याकडे आता आउटपुट टर्मिनलवरून स्वतंत्र व्होल्टेज वाचन येतं, आणि मेन्स तोडणारा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) वेगळ्या कंट्रोलरवर आहे. बंद केल्यावर ते वाचन शून्यावर येईपर्यंत मी लॅपटॉप मिटत नाही.