चौदा महिन्यांची स्कीमा थेरपी: कळत होतं, वळायला वेळ लागला

लहानपणी घट्ट बसलेल्या समजुतींवर काम करणारी स्कीमा थेरपी सुरू करून मला चौदा महिने झाले. पहिले दहा महिने दर आठवड्याला जात होते, आता पंधरा दिवसांनी जाते. एकूण सत्तेचाळीस सत्रं झाली. सुरू करण्याआधी मी अशा अनुभवांचा खूप शोध घेतला होता, पण जे सापडले ते बहुतेक पहिल्या तीन-चार सत्रांनंतर लिहिलेले. त्या टप्प्यावर मीही लिहिलं असतं तर भरभरून कौतुकच केलं असतं, आणि ते खरं नसतं. का नसतं, ते सांगण्यासाठीच इतकं सविस्तर लिहिते आहे.

त्यासाठी आधीच्या थेरपीपासून सुरुवात करावी लागेल. पाच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका थेरपिस्टकडे सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीची, आठ सत्रं केली होती. दर आठवड्याला आत जाण्याआधी पीएचक्यू-९ हा फॉर्म भरायचा असे. त्यात नैराश्याच्या लक्षणांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. पहिल्या दिवशी माझी बेरीज १४ आली. आठव्या आठवड्यात ती ६ होती. थेरपिस्टना मनापासून आनंद झाला आणि आम्ही थांबलो. आज सांगते, ती ६ खोटी होती. झोप तशीच उडालेली होती, सकाळी उठणं तसंच जड होतं. पण समोरचा माणूस माझ्यासाठी इतकी मेहनत घेतोय आणि मी सुधारत नाहीये, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी दर आठवड्याला एक-दोन गुण कमी करत गेले. याला मी खोटं बोलणं समजतच नव्हते. समोरच्याला त्रास होऊ नये एवढंच मनात होतं.

माझ्या अख्ख्या आयुष्याचं सूत्र त्या एका फॉर्मवर उमटलं होतं, आणि ते ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

स्कीमा थेरपी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी विकसित केली. ते आरॉन बेक यांच्या हाताखाली शिकलेले. सीबीटी जिच्यातून पुढे आली त्या कॉग्निटिव्ह थेरपीचा पाया बेक यांनी १९६० च्या दशकात घातला होता. ती पद्धत अनेकांना उपयोगी पडत होती, पण काही लोक तिथेच अडकत किंवा बरे होऊन पुन्हा पहिल्या जागी येत. यंग यांनी अशा लोकांकडे लक्ष दिलं. लहानपणी ज्या मूलभूत गरजा पुऱ्या होत नाहीत, त्यातून स्वतःबद्दल आणि जगाबद्दल काही समजुती घट्ट बसतात आणि मोठेपणी माणूस नकळत त्यांच्याच चष्म्यातून सगळं पाहतो, अशी त्यांची मांडणी आहे. या समजुतींना ते स्कीमा म्हणतात, आणि त्यांनी असे अठरा स्कीमा सांगितले आहेत. माझ्यात दोन ठळक निघाले. एक आत्मत्यागाचा, म्हणजे दुसऱ्याची गरज आधी, माझी नंतर किंवा कधीच नाही. दुसरा भावनिक वंचिततेचा, म्हणजे मला हवी ती माया, ती समज कुणाकडून मिळणारच नाही ही आतली खात्री.

हा दुसरा सुरुवातीला निघालाच नव्हता. आमच्याकडे नव्वद विधानांची प्रश्नावली भरून घेतली, प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते १ ते ६ मध्ये लिहायचं. वंचिततेच्या विधानांपुढे मी सरळ १ आणि २ लिहीत गेले. आईबाबांनी काही कमी केलं नव्हतं, मग तिथे ५ लिहिणं म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवण्यासारखं वाटलं. नवव्या महिन्यात तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर त्या भागाचे गुण वाढलेले. मी घाबरून मॅडमना, म्हणजे माझ्या आताच्या थेरपिस्टना, विचारलं, "म्हणजे मी आणखी बिघडले का?" त्या म्हणाल्या, "नाही, आता तुम्हाला ते दिसायला लागलंय." ज्यांना अशी प्रश्नावली भरायची आहे त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. जी समजूत मोजायची, तीच आपला हात धरून उत्तरं लिहीत असते.

मात्र या चौदा महिन्यांत मला सर्वांत मोठी गोष्ट प्रश्नावलीतून कळली नाही. ती कळली घड्याळावरून.

आमचं सत्र पन्नास मिनिटांचं असतं. बारावं सत्र होतं. भिंतीवरच्या घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली तशी मी बोलता बोलता वाक्य आवरतं घेतलं, पर्स मांडीवर ओढली आणि म्हटलं, "चला, आजच्यापुरतं एवढं पुरे." मॅडम उठल्या नाहीत. म्हणाल्या, "एक गोष्ट बरेच दिवस पाहतेय. आजवर मला एकदाही तुम्हाला वेळ संपली म्हणून सांगावं लागलेलं नाही." मला आधी ते कौतुकच वाटलं. मग त्यांनी विचारलं, "अर्ध्यावर सोडलेलं ते वाक्य कशाबद्दल होतं?" मला आठवेना. खरंच आठवेना. घड्याळाकडे लक्ष जाताच माझंच वाक्य माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

त्यानंतर एकेक गोष्ट दिसू लागली. दर वेळी आत गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारायची, "तुम्ही कशा आहात?" त्यांचा चेहरा दमलेला दिसला तर त्या दिवशी हलकाच विषय काढायची. टेबलावर टिश्यूचा डबा असायचा, पण मी रडले तरी स्वतःचाच रुमाल काढायची. दिलेला गृहपाठ मी सुवाच्य अक्षरात, समास आखून करत होते. चार महिने मी थेरपी घेत होते असं म्हणण्यापेक्षा थेरपिस्टना सांभाळत होते असं म्हणणं जास्त खरं ठरेल. बालपणाबद्दल मी त्यांना काय सांगितलं याला महत्त्व होतंच, पण ते बालपण त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून रोज वागत होतं. ते पकडायला समोर एक जागा माणूस लागला. एकटीनं पुस्तक वाचून मला हे कधीच सापडलं नसतं.

बालपण म्हणजे तरी काय, फार मोठं काही घडलं नव्हतं. धाकट्या भावाला दमा होता. रात्री-अपरात्री त्याला धाप लागायची आणि घरातल्या सगळ्यांचा श्वास त्याच्या श्वासाला बांधलेला असायचा. कुणी मला ओरडलं नाही, मारलं नाही. फक्त एक शाबासकी वारंवार मिळायची: "हिचा काही म्हणजे काही त्रास नाही." हे वाक्य मी पदकासारखं मिरवलं. माझ्या गरजेनं माणसं थकतात आणि मला काही नको असतं म्हणूनच मी सगळ्यांना आवडते, ही समजूत त्या पदकाच्या मागच्या बाजूला कोरलेली होती. ज्यांच्या घरात मारहाण झाली, फार वाईट घडलं, त्यांच्यासमोर हे सांगायलाही मला संकोच वाटत असे. हा संकोच म्हणजे तीच समजूत पुन्हा, हे मॅडमनी दाखवून दिलं.

सहाव्या महिन्यात आम्ही इमेजरी रीस्क्रिप्टिंग सुरू केलं. डोळे मिटून जुन्या प्रसंगात जायचं आणि तेव्हा जे मिळायला हवं होतं ते त्या प्रसंगात आणायचं, असं थोडक्यात सांगता येईल. मला एक रात्र आठवली. मी सात वर्षांची. अंगात ताप आहे. आईला उठवायला गेले तर आई पाठमोरी, भाऊ तिच्या खांद्यावर, ती त्याची पाठ थोपटतेय. मी दाराशी उभी. चौकट गार आहे म्हणून तिला गाल टेकवलाय. तिथला रंग एका जागी फुगलाय आणि मी तो नखानं खरवडतेय. एवढंच. मग मी परत जाऊन झोपते.

मॅडमनी विचारलं, "त्या मुलीला आत्ता काय हवंय?"

मी म्हटलं, "आई खूप दमलीय."

"आईचं नाही विचारलं. मुलीला काय हवंय?"

"भावाला धाप लागलीय."

तिसऱ्यांदा त्यांनी तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारला. बराच वेळ गेला. मग माझ्या तोंडून आलं, "कपाळाला कुणीतरी हात लावावा." हे बोलताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्या म्हणाल्या, "मी येऊ का त्या खोलीत?" आणि मी हो म्हटलं. आयुष्यात मी कुणाला इतकं सरळ हो म्हटलेलं मला आठवत नाही. त्या प्रसंगात आधी त्या आल्या, पुढच्या काही सत्रांत मोठी झालेली मी स्वतः आले.

आठवणींबद्दल एक सावधगिरी. स्कीमा हा शब्द फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये स्मरणाच्या संदर्भातच वापरला होता. आठवण म्हणजे जपून ठेवलेला फोटो नव्हे, ती दर वेळी नव्याने रचली जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ती रात्र जशीच्या तशी घडली असा माझा दावा नाही, आणि मॅडमनीही तिला पुरावा म्हणून कधी वापरलं नाही. मी भावाला त्याबद्दल विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "तू तर लहानपणी कधी आजारीच पडली नाहीस." मला त्याचा राग आला नाही. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

आता जे आवडलं नाही ते. रीस्क्रिप्टिंगनंतरचे दोन महिने फार वाईट गेले. आईशी बोलताना आवाज चढायचा, भावाचा फोन घ्यावासा वाटायचा नाही. असा राग उसळू शकतो हे आधी नीट सांगितलं असतं तर मी इतकी बिथरले नसते. समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलंय असं मानून तिच्याशी बोलण्याचा प्रकार माझ्या अंगवळणी अजूनही पडलेला नाही. आणि वेग! 'माझी गरज म्हणजे इतरांना ओझं' ही समजूत चुकीची आहे हे मला तिसऱ्या महिन्यात पटलं होतं. तरी दहाव्या महिन्यापर्यंत मी वागत तशीच होते. कळतं पण वळत नाही, ही आपली म्हण या पद्धतीचा अर्धा सिद्धांत सांगून जाते. डोक्याला पटलेलं पोटात उतरायला वेळ लागतो. नेदरलँड्समधला याबाबतचा २००६ सालचा गाजलेला अभ्यास बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या विकाराच्या, रुग्णांवर होता, आणि त्यात ही थेरपी तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा दिली गेली होती. माझा त्रास त्या प्रकारचा नाही, पण हा आकडा आधी माहीत असता तर तिसऱ्या महिन्यात मी स्वतःला नापास ठरवलं नसतं.

मी सोडून जायच्याही बेतात होते. आठव्या महिन्यात मॅडमनी एक सत्र आदल्या रात्री रद्द केलं. मी लगेच उत्तर पाठवलं, "काहीच हरकत नाही, काळजी घ्या." मग रात्रभर जागी. सकाळपर्यंत माझं ठरलं होतं की आता इथली गरज संपली, मी बरीच बरी आहे, त्यांचा वेळ दुसऱ्या कुणाला तरी मिळावा. किती उदार वाटत होतं ते! पुढच्या आठवड्यात थेरपी थांबवण्याबद्दल सांगायलाच गेले. त्यांनी विचारलं, "मेसेज वाचल्यावर पहिल्या मिनिटात काय वाटलं होतं?" वाटलं होतं ते असं: त्यांना माझा कंटाळा आला. त्यांनी ते नाकारायची घाई केली नाही. आदल्या रात्री कळवल्यानं मला त्रास झाला असणार, त्याबद्दल माफी मागितली, आणि तो त्रास मी सांगितला हे बरं झालं असं म्हणाल्या. माझ्या तक्रारीनंतर समोरचा माणूस जागेवरच बसलेला आहे, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मते सत्तेचाळीसपैकी ते एक सत्र बाकी सगळ्यांच्या तोलाचं होतं.

बाहेर काय बदललं? ऑफिसात दुसऱ्याचं काम अंगावर घेण्याआधी मी आता "उद्या सांगते" म्हणते. नवऱ्याला एकदा पाठ दुखतेय म्हणून सांगितलं आणि तो शेकायची पिशवी घेऊन आला, तेव्हा "राहू दे" हे शब्द जिभेवर येऊन थांबले. नैराश्य पूर्ण गेलेलं नाही. पीएचक्यू-९ मी आजही भरते. मागच्या वेळी बेरीज ९ आली, आणि या नऊतला एकही गुण मी खाली ओढलेला नाही.

ही थेरपी घ्यावी की नाही असं कुणी विचारलं तर मी आधी त्याची आत्ताची स्थिती विचारेन. जीव नकोसा झाला असेल, रोजचं जगणंच कोसळलं असेल तर आधी त्यावर मदत घ्यावी. बालपणाचं दार त्यानंतर उघडता येतं. पण ज्यांना सगळं समजतं, ज्यांचे गृहपाठ नेहमी पूर्ण असतात, ज्यांच्यावर थेरपिस्ट खूश असतात आणि तरीही आत काही हलत नाही, त्यांनी आपण त्या खोलीत कसे वागतो ते एकदा तिथेच बोलून पाहावं. त्यासाठी थेरपीचा प्रकार बदलावाच लागेल असंही नाही.

परवाच्या सत्रात मी बोलत असताना मॅडमनी मध्येच दुसरा प्रश्न विचारला आणि माझा मुद्दा राहून गेला. पन्नास मिनिटं झाली, वेळ संपल्याचं त्यांनीच सांगितलं, मी उठले. घरी आल्यावर वही काढून पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलंय: "तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलंत. मला आवडलं नाही. आज तिथूनच सुरू करायचंय."