मिलिटरी वन टन घेताय? आधी चेसिस खरवडून बघा

सातारा-सांगली पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जुन्या मिलिटरी गाड्यांचा नाद चांगलाच वाढलाय. कुणी जोंगा शोधतोय, कुणी वन टन, कुणाला शक्तिमानच पाहिजे. गिऱ्हाईक वाढलं तसे विकणारेही वाढले. त्यातल्याच एकाने मला आणि माझ्या मित्राला चार लाख दहा हजारांना फसवलं. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण फसवण्याची पद्धत सगळी सांगतो, कारण तो माणूस अजून गाड्या विकतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनायला लागला. पुढे जबलपूरलाच व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि निस्सानच्या परवान्यावरची जोंगा ही जीप आणि तिचा थोरला भाऊ वन टन हा छोटा मालवाहू ट्रक तिथून बाहेर पडू लागले. सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि उघडून परत जोडता येईल अशी साधी बांधणी. लेथवर काम करणाऱ्या माणसाला अशा गाडीचं वेड लागणारच. माझं वर्कशॉप साताऱ्यात आहे, मित्र डिझेल-पेट्रोल दोन्हीचा जुना मिस्त्री. त्यात माझे चुलते, आबा, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. वन टन त्यांनी पहाडात चालवलेली. गाडी उभी करायची आणि आबांना तिच्यात बसवून कासपर्यंत न्यायचं, एवढीच इच्छा होती.

विकणारा कराडच्या पुढे महामार्गाला लागून असलेल्या एका यार्डात भेटला. बोलण्यात पक्का फौजी. मामा रिटायर्ड सुभेदार असल्याचं सांगून कँटीन कार्ड दाखवलं. आबांचं ऐकल्यावर तर म्हणाला, "साहेब, मग ही गाडी तुमच्याच घरात शोभंल. बाहेरच्याला द्यायला माझं मन होईना." आपला जिल्हा कसला आहे हे त्याला बरोबर माहीत होतं. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी याच जिल्ह्यात आहे, देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. इथं फौजेचं नाव घेतलं की माणूस खुर्ची पुढे करतो. त्या आदरावर त्याने धंदा मांडलाय, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

गाडी आम्ही नीट बघितली. इंजिन खरं होतं. थंड इंजिनवर सुरू करून दाखवलं, ऑइल काढून बघितलं, कॉम्प्रेशन मोजलं, सगळं ठीक. केबिन खरी. डॅशवरची पत्री खरी. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, मात्र खालून-वरून जाड काळं डांबरी अंडरकोटिंग मारलेलं. "पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून केलंय," म्हणाला. चेसिस नंबरापुरतीच चौकोनी जागा मोकळी, आणि तिथला नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळत होता. कागद म्हणजे मिलिटरी डेपोच्या लिलावातली डिलिव्हरी ऑर्डर, लॉट नंबर, गोल शिक्का, सही. बंपरवर बाण आणि त्यापुढे ७० हा आकडा रंगवलेला. लष्कराच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो, त्यामागे गाडी घेतल्याच्या वर्षाचे दोन आकडे, मग वर्गाचं अक्षर आणि नंबर. म्हणजे गाडी १९७० ची. "पन्नास वर्षं उलटली, आता व्हिंटेजमध्ये व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, आरटीओचं माझ्याकडं लागलं," हे त्याचं शेवटचं वाक्य.

पन्नास हजार आगाऊ दिले. बाकीचे पैसे दोन खात्यांवर मागितले, एक त्याचं आणि एक भाच्याचं. सगळे बँकेतूनच गेले, म्हणून आज आमच्या हातात निदान तेवढा पुरावा आहे.

गाडी शेडला आली त्या दिवशी आबा शेजारी बसले. यवतेश्वरच्या घाटात मी चार चाकांचा लिव्हर टाकला. लिव्हर खट्कन बसला. आबा कान देऊन बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज बदलला न्हाई रं. चार चाकात घेतली की खालनं गिअर रडतोय, ह्यो रडंना." डांबरी रस्त्यावर गाडी नीट चढली, त्यामुळे उत्तर मिळालं नाही. उत्तर जूनमध्ये मिळालं. शेडच्या मागच्या काळ्या रानात पहिल्याच पावसाने चिखल झालेला. गाडी तिथं घातली, चार चाकांत टाकली आणि सोडली. मागची चाकं भिंगरीसारखी फिरून चिखल उडवत होती. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी. टायरच्या खाचेत अडकलेलं गवताचं एक पातंही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर केस उतरवली. ही गिअरबॉक्सच्या मागची पेटी, इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वाटून देते. झाकण काढलं तर आत पुढच्या शाफ्टकडचा गिअर नाहीच. गिअर सरकवणारा फोर्कही नाही. लिव्हर खट्कन बसावा म्हणून आत एक स्प्रिंग आणि छर्रा बसवून ठेवलेला, आणि मोकळ्या जागेत ग्रीस गच्च भरलेलं. पुढचं डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना देणारी पेटी, उघडलं. त्यात क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडीच नाही. ह्याला कारागिरी लागते. हे यार्डात पडून गहाळ झालेले भाग नव्हते, कुणीतरी बसून विचार करून केलेलं काम होतं.

मग आम्ही सगळं अंडरकोटिंग बर्नर आणि खरवडणीने काढायला घेतलं. केबिनच्या मागे, दोन्ही बाजूंच्या चेसिसवर आडवी वेल्डिंगची रेघ निघाली. वर ग्राइंडर मारून, लांबी (पुटी) भरून, घासून सपाट केलेली. पुढचा भाग वन टनचा, मागचा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट रिव्हेटचे नाहीत, वेल्डिंगचे. आणि ज्या मोकळ्या चौकोनात नंबर होता, तो चौकोन म्हणजे वेगळी पट्टी. चेसिसवर वेल्ड करून कडा घासलेल्या. भिंग लावून बघितलं तेव्हा अक्षरं हाताच्या पंचने ठोकलेली दिसली. काही आकडे खोल, काही उथळ, दोन आठ एकाच ओळीत असून एकमेकांशी तिरके. कारखान्याचा ठोकलेला नंबर असा नसतो, त्याची खोली आणि ओळ सारखी असते. मागच्या फाळक्यावरचा हिरवा रंग घासला तर खाली जुन्या पांढऱ्या रंगात बाण आणि ८३ हा आकडा निघाला. म्हणजे फाळका तरी १९७० चा नव्हताच.

आता कागद. आरटीओत अर्ज केला तेव्हा कागद पडताळणीला डेपोकडे गेला. उत्तर आलं की लॉट नंबर खरा आहे, पण त्या लॉटमध्ये वाहनांचे सुटे भाग भंगार म्हणून विकले होते, आणि हा चेसिस नंबर आमच्या नोंदीत नाही. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. लष्कराची गाडी संरक्षण खात्याकडे नोंदलेली असते. ती सरकारी मालकीतून बाहेर पडली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे नव्याने आरटीओ नोंदणी करावीच लागते. लिलावात गाडी 'वाहन' म्हणून विकली गेली असेल तर त्या कागदावर नोंदणीची वाट मोकळी होते. 'भंगार' म्हणून विकलेल्या लोखंडातून कुणी गाडी जोडली, तर ती कितीही देखणी असो, रस्त्यावर येत नाही. एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे ई-लिलाव घेते. लॉटचं वर्णन लिलावाच्या यादीत असतं. विकणाऱ्याकडून फक्त डिलिव्हरी ऑर्डर घेऊ नका, त्या लॉटच्या वर्णनाचं पान मागा.

व्हिंटेजचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणला तो वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावीत आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि तरीही गाडी रोज फिरवायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच. जोडलेल्या चेसिसचा मालवाहू ट्रक यात बसवून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो. आणखी एक. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. खासगी नोंदणी करायची तर रंग बदलावा लागतो. म्हणून ताज्या हिरव्या रंगाला भुलू नका. तो नोंदणीसाठी नसतो, खालचं लपवण्यासाठी असतो.

आम्ही त्याला जाब विचारला तेव्हा तो घाबरला नाही. उलट म्हणाला, दुसऱ्या राज्यातलं एका मोडीत निघालेल्या वन टनचं आरसी आहे, तो नंबर पट्टीवर ठोकून देतो, वर साठ हजार द्या, गाडी महिन्यात रस्त्यावर. हा दुसरा सापळा पहिल्यापेक्षा वाईट आहे. पैसे अडकलेला माणूस याला हो म्हणतो, आणि हो म्हटलं की तो फसवला गेलेला राहत नाही, बनावट नंबराच्या गुन्ह्यात भागीदार होतो. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आम्ही नाही म्हटल्यावर त्याने सूर बदलला. "तक्रार केली तर गाडी चोरीची म्हणून तुमच्याच शेडात सापडंल." या धमकीला भिऊन गप्प बसलेले लोक असणार, याची मला खात्री वाटते. आम्ही त्याच आठवड्यात लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ (४) आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६, आणि तो खरा म्हणून वापरण्याला ३४०. बँकेचे उतारे, त्याचे मेसेज, वेल्डिंगचे फोटो, डेपोचं उत्तर, सगळं जोडलं. पट्टीखालचा मूळ नंबर घासून काढलेला असणार. पण नंबर ठोकताना खालच्या लोखंडावर दाब बसलेला असतो, त्यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून तो बऱ्याचदा परत उठवता येतो. म्हणून पट्टी आम्ही स्वतः काढली नाही, आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही काढू नका.

गाडी जप्त होऊन सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी घेऊन, आमच्याच शेडात आहे. ती पुरावा असल्यामुळे तिला पाना लावता येत नाही. ज्या इंजिनवर मी वर्षभर काम करणार होतो ते कापडाखाली आहे. आबांचं वय थांबत नाही.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा भिंग, तारेचा ब्रश आणि जॅक घेऊन जा. अंडरकोटिंग असेल तर केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना वीतभर जागा खरवडू द्या म्हणावं. खरा विकणारा कुरकुर करील, पण देईल. मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा, चार चाकांचा लिव्हर टाका, पुढच्या हबना लॉक असेल तर ते लावा, आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. ते फिरता कामा नये. आमचं चाक एका बोटाने फिरत होतं.

मागच्या महिन्यात मिरजेच्या बाजूला विकायला असलेल्या एका वन टनचे फोटो मित्राने पाहिले. नाव वेगळं, पण यार्डाची भिंत तीच, आणि उजव्या चेसिसवर पुढच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ तसाच मोकळा चौकोन. आमच्या तपासातल्या अधिकाऱ्यांना ते फोटो दिलेत. ज्यांनी या माणसाकडून गाडी घेतली असेल किंवा आगाऊ दिली असेल, त्यांनी आपल्या पोलीस ठाण्यात मूळ कागद घेऊन जावं, झेरॉक्स नको. शिक्क्याची शाई आणि सही मूळ कागदावरूनच तपासता येते. दोन वेगळ्या गाड्यांच्या कागदांवर एकच शिक्का निघाला, तर हा व्यवहारातला वाद आहे असं त्याच्या वकिलाला म्हणता येणार नाही.